पर्यटन आणि येणे-जाणे : दमनसत्तेच्या प्रदेशातील प्रवासी आणि मराठी प्रवासवर्णन

१

मराठी प्रवासवर्णनाची समीक्षा आजवर प्रामुख्याने दोन प्रश्नांभोवती फिरत आली आहे. प्रवासवर्णन माहितीपर लेखनात मोडते की ललित गद्यात, हा पहिला प्रश्न. आणि त्यात प्रदेश महत्त्वाचा की तो पाहणाऱ्या निवेदकाचे व्यक्तिमत्त्व महत्त्वाचे, हा दुसरा. दोन्ही प्रश्नांची उत्तरे बहुतेकदा ललिताच्या आणि व्यक्तिमत्त्वाच्या बाजूने दिली गेली. त्यामुळे या वाङ्मयप्रकाराची प्रतिष्ठा वाढली हे खरे. परंतु प्रवास ही मूळ कृती मात्र समीक्षेने गृहीत धरली. लेखक गेला, त्याने पाहिले आणि मग लिहिले. या तीन क्रियापदांपैकी समीक्षेचा संबंध केवळ शेवटच्याशी उरला. ‘जाणे’ या क्रियापदालाही नैतिक भार असतो आणि तो संहितेच्या रूपबंधात उतरतो, याचा विचार अपवादानेच झाला.

एरवी हा भार जाणवत नाही. ज्या देशात माणसे मोकळेपणाने बोलू, छापू आणि फिरू शकतात, तेथे जाणाऱ्या प्रवाशाला आपल्या जाण्याचे समर्थन करावे लागत नाही. परंतु जेथे सत्ता आपल्याच प्रजेचे तोंड बंद करते आणि त्याच वेळी परक्यासाठी दार उघडून ठेवते, तेथे जावे की जाऊ नये, हा प्रश्न टाळता येत नाही. जाणाऱ्याचा पैसा राज्यकर्त्याच्या हाती पडतो, त्याच्या उपस्थितीने सत्तेला प्रतिष्ठा मिळते, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो की, न गेल्याने तेथील माणूस अधिक एकाकी पडतो. बाहेरचा डोळा तेथे असणे हीच त्याची ढाल असते. दोन्ही युक्तिवाद सर्वपरिचित आहेत. दोहोंत एक समान गृहीत दडलेले आहे: निर्णय प्रवाशाने करायचा, आणि प्रश्न त्याच्या विवेकाचा आहे. प्रस्तुत लेखात या गृहीताचीच तपासणी करावयाची आहे.

या तपासणीसाठी मराठी भाषेने एक संकल्पना आधीच देऊन ठेवली आहे. ‘त्यांच्याकडे आमचे येणे-जाणे आहे’ असे आपण म्हणतो, तेव्हा सहलीविषयी बोलत नसतो. येणे-जाणे ही दुहेरी क्रिया आहे: आपण तिकडे जातो, ते इकडे येतात, लग्नकार्यात, दुखवट्यात, जत्रेत दोन्ही घरांची दारे एकमेकांना उघडी असतात. ‘येणे-जाणे बंद आहे’ हे वाक्यही तितकेच अर्थपूर्ण असते. पर्यटन ही याउलट एकेरी क्रिया आहे. पर्यटक जातो, यजमान तेथेच राहतो. स्वतंत्र देशात हा एकेरीपणा केवळ आर्थिक असतो; दमनसत्तेच्या प्रदेशात तो राजकीय होतो, कारण तेथील यजमानाला बाहेर पडण्याची मुभाच नसते किंवा बाहेर पडल्यावर खरे सांगण्याची किंमत मागे उरलेल्या कुटुंबाला मोजावी लागते. पर्यटन आणि येणे-जाणे यांतील हा भेद हाती धरला, तर जावे की जाऊ नये या प्रश्नाचे स्वरूप बदलते, आणि प्रवासवर्णनाच्या मूल्यमापनाचा एक वेगळा निकषही हाती येतो.

२

आधुनिक मराठी प्रवासवर्णनाची चर्चा अनंत काणेकरांच्या ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ (१९४०) या पुस्तकापासून सुरू करण्याचा प्रघात आहे. या पुस्तकाने प्रवासवर्णनाला खेळकर, आत्मनिष्ठ निवेदनाची वाट दाखवली, हे समीक्षेने योग्य रीतीने नोंदवले. परंतु शीर्षकातच एक मूल्यनिर्णय आहे, याकडे फारसे लक्ष गेले नाही. लंडनचे धुके मागे टाकून मॉस्कोच्या ताऱ्याकडे जाणारी ही वाट आहे. धुक्यात दिसत नाही, तारा दिशा दाखवतो. परतंत्र देशातील बुद्धिवादी लेखकाला साम्राज्याची राजधानी धूसर आणि क्रांतीची राजधानी तेजस्वी वाटावी, हे त्या काळाच्या संवेदनशीलतेशी सुसंगत आहे. अडचण अशी की १९३६ ते १९३८ हा त्या ताऱ्याखालील मोठ्या हत्यासत्राचा काळ होता. आंद्रे जीद हा फ्रेंच कादंबरीकार सोव्हिएत सत्तेचा सन्माननीय पाहुणा म्हणून १९३६ साली तेथे गेला आणि परतल्यावर त्याच वर्षी त्याने आपला भ्रमनिरास प्रसिद्ध केला. त्याबद्दल कालपर्यंतच्या मित्रांचा रोषही पत्करला. म्हणजे ‘त्या काळी कोणाला दिसणेच शक्य नव्हते’ हा बचाव पूर्णपणे टिकत नाही.

येथे काणेकरांना दोषी ठरवण्याचा हेतू नाही. प्रश्न रूपबंधाचा आहे. खेळकर आत्मनिष्ठ निवेदनाची एक मर्यादा या निमित्ताने दिसते. असे निवेदन निवेदकाच्या मनात उमटलेल्या ठशाला प्रमाण मानते. आणि ठसा उमटतो तो दाखवलेल्या गोष्टीचा. जे दाखवले गेले नाही त्याचा ठसा उमटत नाही, आणि म्हणून त्याला संहितेत जागाच मिळत नाही. मराठी समीक्षेने ज्या गुणासाठी प्रवासवर्णनाला ललित वाङ्मयात स्थान दिले, तोच गुण दमनसत्तेच्या प्रदेशात यजमान-सरकारच्या पथ्यावर पडतो. पाहुण्याचे मन प्रसन्न राखले की त्याचे गद्यही प्रसन्न राहते.

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझा रशियाचा प्रवास’ या पुस्तकाची गोष्ट निराळी आहे. १९४३ साली ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचणारा हा शाहीर १९६१ साली प्रत्यक्ष रशियात गेला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात स्टालिनग्राडचे नाव बदलून व्होल्गोग्राड करण्यात आले; स्टालिनच्या राजवटीवर पक्षाच्या व्यासपीठावरून टीका होऊन तेव्हा पाच वर्षे उलटली होती. या पार्श्वभूमीवर पुस्तकातील भारावलेपण भाबडे वाटण्याचा संभव आहे. परंतु तसे म्हणणे हे अर्धेच वाचन होय. अण्णा भाऊंच्या डोळ्यांत मोजमापाचा गज होता तो घाटकोपरच्या चिरागनगरचा. ज्या समाजाने जन्मापासून त्यांना माणूस म्हणून मोजले नाही, त्या समाजातून उठून ते अशा देशात गेले की जेथे त्यांचे स्वागत लेखक म्हणून झाले. त्यांची रशियास्तुती ही वस्तुतः मुंबईवरची फिर्याद आहे. मध्यमवर्गीय पर्यटक परदेशाची तुलना स्वदेशाशी करतो तेव्हा रस्त्यांची आणि वक्तशीरपणाची करतो. अण्णा भाऊ ती माणुसकीची करतात.

तरीही एक गोष्ट नोंदवावीच लागते. ज्या वंचितांच्या वतीने अण्णा भाऊंची लेखणी बोलते, त्यांचेच रशियातील भाऊबंद, म्हणजे श्रमछावण्यांतून गेलेले शेतकरी आणि कामगार, या संहितेत येत नाहीत. येणार तरी कसे? त्यांची भेट कार्यक्रमपत्रिकेत नसते. म्हणजे प्रवाशाची वर्गीय जाणीव तीव्र असूनही, प्रवासाची रचना जर पाहुणचाराची असेल, तर संहितेला बहिरेपण येते. दोष दृष्टीपेक्षा अधिक करून व्यवस्थेचा आहे. हा मुद्दा अधिक स्पष्ट व्हावा यासाठी दूरच्या रशियाकडून अगदी जवळच्या प्रदेशाकडे वळावे लागेल. इतक्या जवळच्या, की तेथे जाण्याला मराठी माणसाने प्रवास असे नावही दिले नव्हते.

३

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग हे गोव्याच्या हद्दीला लागून असलेले गाव. स्वतंत्र तालुका म्हणून त्याची निर्मिती १९९९ सालची. त्यापूर्वी ते सावंतवाडी तालुक्यात होते. पलीकडे डिचोली. पेडणे, डिचोली, सत्तरी हे प्रदेश अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सावंतवाडीकरांच्या हातून पोर्तुगीजांकडे गेले, आणि ‘नव्या काबिजादी’ या नावाने गोव्याला जोडले गेले. सत्तेची रेषा बदलली. पण तिळारीचे पाणी जसे खाली गोव्यात वाहत राहिले, तसेच सोयरिकी, देवस्थाने आणि बाजार या रेषेच्या दोन्ही अंगांना पसरून राहिले. कोकणातील असंख्य कुटुंबांची कुलदैवते मंगेशी, कवळे, म्हार्दोळ येथे. तर गोव्यातील असंख्य कुटुंबांचे पोट मुंबईत. येथे येणे-जाणे हा शब्द त्याच्या पूर्ण अर्थाने लागू पडतो.

पोर्तुगालमध्ये १९२६ साली लोकशाही संपली आणि लवकरच सालाझार यांची राजवट स्थिरावली. १९३० च्या वसाहत कायद्याने गोमंतकीयांचे दुय्यमत्व अधिकृत झाले. सभाबंदी आली, छपाईपूर्व तपासणी आली. लग्नपत्रिकादेखील छापण्यापूर्वी तपासून घ्यावी लागे, अशा त्या काळाच्या साक्षी आहेत. राममनोहर लोहिया यांनी १८ जून १९४६ रोजी मडगावात सभाबंदी मोडली, ती या पार्श्वभूमीवर. म्हणजे दमनसत्तेच्या प्रदेशात बाहेरच्यांनी जावे काय, हा प्रश्न मराठी समाजापुढे दूरदेशीच्या संदर्भात नव्हे, तर आपल्या अंगणाला लागूनच उभा होता.

त्याचे एक उत्तर मराठी साहित्यव्यवहाराने नकळत दिले आहे. १९३० साली मराठी साहित्य संमेलन मडगावला भरले. अध्यक्ष होते वामन मल्हार जोशी. हुकूमशाही राजवटीखालील भूमीत साहित्यिकांनी मेळावा भरवावा काय, अशी शंका आज घेता येईल. परंतु हे संमेलन पर्यटन नव्हते. ज्या भाषेला तेथील राजव्यवहारात स्थान नव्हते, त्या भाषेचे लेखक आणि वाचक तेथे एकत्र आले. गोमंतकीय मराठी लेखक या निमित्ताने यजमान झाले आणि मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहाशी त्यांची समोरासमोर गाठ पडली. ही सत्तेने दिलेली मेजवानी नसून भाषेने भाषेकडे जाणे होते. संमेलन पुन्हा मडगावला आले ते १९६४ साली, वि. वा. शिरवाडकरांच्या अध्यक्षतेखाली, तोवर गोवा मुक्त झाला होता.

दुसरे उत्तर शासनाने दिले, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले, पोर्तुगिजांनी गोळीबार केला आणि वीसहून अधिक सत्याग्रही मारले गेले. त्यानंतर भारत सरकारने पणजीतील आपला वाणिज्य दूतावास बंद केला, रेल्वे आणि व्यापार थांबवला, माणसांच्या जाण्या-येण्यावर परवान्यांचे निर्बंध घातले. नैतिक निषेध म्हणून हे पाऊल समर्थनीय होते. परिणाम मात्र तपासण्यासारखा आहे. लोहखनिजाच्या निर्यातीवर गोव्यातील सत्तेचे अर्थकारण याच काळात बळावले. जपान आणि पश्चिम जर्मनी हे ग्राहक होते, आणि या खनिजाच्या खाणी डिचोलीसारख्या, दोडामार्गच्या शेजारच्या भागातच होत्या. १९५५ सालीच पोर्तुगिजांनी स्वतःची विमानसेवा सुरू करून कराचीशी संबंध जोडला. मुरगाव बंदरात दूरदेशीची जहाजे येत राहिली; मात्र काही कोसांवरील डिचोलीला लेकीला भेटायला जाणे दोडामार्गच्या माणसाला दुरापास्त झाले.

ही विसंगती ध्यानात घेण्याजोगी आहे. नाकेबंदीने व्यापारी आणि सरकारी पाहुणे अडले नाहीत. अडले ते सोयरे. आणि सत्तेला खरी भीती कोणाची असते? पाहुण्याला जे दाखवले ते तो पाहतो. सोयऱ्याला काही दाखवावे लागत नाही. तो परसदाराने येतो, त्याच भाषेत बोलतो, चुलीपाशी बसतो, आणि घरातला कोण, कधीपासून, का गप्प झाला हे त्याला विचारावे लागत नाही. दमनसत्तेच्या प्रदेशातील सत्य बाहेर येण्याची सर्वांत जुनी आणि सर्वांत विश्वासार्ह वाट हीच. ती बंद झाली तेव्हा निषेधाचा अर्थ कायम राहिला, पण साक्षीचे तोंड अधिकच मिटले.

४

पाहुणा आणि सोयरा या दोन दृष्टींचा फरक सिद्धांताच्या पातळीवर कसा उतरतो, याचे बोलके उदाहरण गोव्याच्याच संदर्भात उपलब्ध आहे. १९५१ साली पोर्तुगालने घटनादुरुस्ती करून वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ असे नाव दिले. नाव बदलले म्हणजे वसाहतवाद संपला, हे जगाला पटवण्यासाठी एका सिद्धांताची गरज होती. त्याच वर्षी पोर्तुगाल सरकारच्या निमंत्रणावरून ब्राझीलचे विख्यात समाजशास्त्रज्ञ जिल्बेर्तो फ्रेयरे या प्रदेशांच्या दौऱ्यावर निघाले. पणजीत दिलेल्या व्याख्यानात त्यांनी ‘लुसोट्रॉपिकल’ संस्कृतीची कल्पना मांडली: पोर्तुगीज माणूस उष्ण कटिबंधातील समाजांशी सहज मिसळून जातो, आणि त्यातून वंशभेदरहित अशी एक नवी संस्कृती निर्माण होते. या दौऱ्यावरील त्यांचे पुस्तक १९५३ साली प्रसिद्ध झाले. सालाझार राजवटीला जे हवे होते ते मिळाले. प्रवासवर्णन राजनीतीच्या कामी आले, आणि तेही एका प्रतिभावान, वंशवादविरोधी म्हणून ख्यात असलेल्या अभ्यासकाच्या हातून.

चारच वर्षांनी, १९५५-५६ मध्ये, ओर्लांदो रिबैरो हे पोर्तुगीज भूगोलतज्ज्ञ गोव्यात आले. तेही सरकारच्याच कामावर होते. परंतु त्यांची पद्धत क्षेत्रपाहणीची होती: गावे, शेती, घरे, बोलीभाषा, लोकांचे परस्परव्यवहार. त्यांनी सरकारला सादर केलेल्या १९५६ च्या अहवालाचा निष्कर्ष फ्रेयरे यांच्या सिद्धांताला छेद देणारा होता. पोर्तुगीज बोलणारे थोडे, मिश्र वंशाचे लोक नगण्य, आणि पोर्तुगालविषयीची आपुलकी बेताची. आपण पाहिलेल्या पोर्तुगीज प्रदेशांपैकी गोवा सर्वांत कमी पोर्तुगीज आहे, असे त्यांनी राज्यकर्त्यांना कळवले. हा अहवाल पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला तो १९९९ साली.

दोघेही निमंत्रित किंवा नियुक्त, दोघेही विद्वान, आणि गोव्यात जाण्याबद्दल दोघांवरही आक्षेप घेता येईल. तरी एकाची संहिता सत्तेचे आभूषण झाली आणि दुसऱ्याची सत्तेने खणात ठेवली. म्हणजे केवळ ‘गेला’ या एका गोष्टीवरून प्रवाशाचा न्याय करता येत नाही. कोणाच्या भाषेत, कोणाच्या घरी, किती काळ, आणि काय ऐकण्याच्या तयारीने गेला, यावरून तो करावा लागतो. एडवर्ड सैद यांनी ‘ओरिएंटलिझम’ (१९७८) या ग्रंथात पाश्चात्त्य प्रवाशाच्या नजरेतील सत्तासंबंध उलगडून दाखवले, ते आपल्या अभ्यासक्रमांतून आता सुपरिचित आहेत. परंतु वसाहतीच्या नजरेची चिकित्सा करताना, वसाहतोत्तर समाजातील मराठी प्रवाशाची नजर आपोआप निर्दोष ठरत नाही. फ्रेयरे हेही एका माजी वसाहतीचेच नागरिक होते.

परका माणूस सोयरा होऊ शकतो काय, याचेही उत्तर गोव्याने दिले आहे. मोहन रानडे मूळचे सांगलीकडचे. शिक्षक म्हणून गोव्यात गेले, आझाद गोमंतक दलात सामील झाले, १९५५ साली पकडले गेले आणि जानेवारी १९६९ पर्यंत, म्हणजे गोवा मुक्त झाल्यावरही सात वर्षे, पोर्तुगिजांच्या कैदेत राहिले. त्यांचे ‘सतीचे वाण’ हे आत्मकथन वाङ्मयेतिहासात स्वातंत्र्यलढ्याच्या साहित्यात गणले जाते. ते दमनसत्तेच्या प्रदेशात गेलेल्या परक्याचे कथन म्हणूनही वाचायला हवे. सीमा ओलांडणे, अनोळखी प्रदेशात वावरणे, तेथील भाषा आणि माणसे अंगवळणी पडणे, हे प्रवासवर्णनाचे सारे घटक तेथे आहेत; नाही ते परतीचे तिकीट. सत्याग्रहींची आणि क्रांतिकारकांची अशी कथने प्रवासवर्णनाच्या शेजारी ठेवून वाचली, तर या वाङ्मयप्रकाराची आपण आखलेली हद्द किती सोयीची आहे, हे लक्षात येईल.

५

सोयरेपणाचा हा निकष निर्दोष आहे असे मात्र मानता येत नाही. त्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मराठी समाजानेच स्वतःच्या वर्तनातून पुरवला आहे. मुक्तीनंतर गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा, ही महाराष्ट्रातील बहुतेकांना इतकी स्वाभाविक गोष्ट वाटत होती की तिला पुराव्याची गरज नव्हती. १६ जानेवारी १९६७ रोजी जनमत कौल घेतला गेला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. ज्यांच्याशी आपले पिढ्यान्‌पिढ्यांचे येणे-जाणे, त्यांच्या मनाचा अंदाज सोयऱ्यांना आला नाही. कारण येणे-जाणे असलेल्या घरांची वस्ती ही संपूर्ण गोव्याची वस्ती नव्हती. ख्रिस्ती समाज, आणि हिंदूंतीलही अनेक, या सोयरिकीच्या बाहेर होते. सोयरा हक्क सांगू लागला की तोही ऐकणे सोडतो. म्हणून सोयरेपणा म्हणजे रक्ताचा किंवा भाषेचा दावा नव्हे. ती ऐकण्याची जबाबदारी आहे, एवढी दुरुस्ती या निकषात करणे आवश्यक ठरते.

दुसरा आक्षेप असा की, ज्यांच्याशी आपले काहीच नाते नाही अशा देशांबाबत हा निकष निरुपयोगी आहे. त्याचा विचार ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, उदाहरणावरून करता येतो. मंडाले हे मराठी मनाचे एक तीर्थ आहे. १९०८ ते १९१४ या काळात टिळक तेथे कैदेत होते. ‘गीतारहस्य’ तेथे लिहिले गेले. तो तुरुंग मंडालेच्या किल्ल्याच्या आवारात होता. या किल्ल्याभोवतीचा भव्य खंदक १९९० च्या दशकाच्या मध्यात स्वच्छ आणि सुशोभित करण्यात आला, कारण लष्करी राजवटीने १९९६ हे पर्यटनवर्ष म्हणून जाहीर केले होते. आणि ते काम कैद्यांकडून व नागरिकांकडून सक्तीने करून घेतले गेले, हे मानवी हक्कांच्या अहवालांतून नोंदले गेले आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या चौकशी आयोगाने १९९८ साली त्या देशातील व्यापक सक्तमजुरीवर शिक्कामोर्तब केले. म्हणजे त्या वर्षी एखादा मराठी प्रवासी टिळकांच्या कारावासाची स्मृती जागवण्यासाठी मंडालेला गेला असता, तर ज्या खंदकाकाठून तो गेला असता तो खंदक दुसऱ्या कैद्यांच्या घामाचा होता. येथे दृश्य आणि दमन ही दोन वेगळी राहत नाहीत. दृश्य दमनातूनच घडलेले असते. अशा स्थितीत न जाणे हेच टिळकांच्या स्मृतीशी अधिक सुसंगत ठरले असते.

आँग सान स्यू ची यांनी तेव्हा पर्यटकांना न येण्याचे आवाहन केले होते. २०११ साली त्यांच्या पक्षाने भूमिका बदलली: मोठ्या समूहसहलींना विरोध कायम ठेवून, लोकांच्या स्थितीविषयी आस्था बाळगून स्वतंत्रपणे येणाऱ्या प्रवाशांचे स्वागत केले. हा भेद आपल्या पर्यटन आणि येणे-जाणे या भेदाच्या अगदी जवळ जातो. वंशभेदी दक्षिण आफ्रिकेवरील बहिष्काराची हाकही आतूनच आली होती, म्हणून तिला नैतिक वजन प्राप्त झाले. यावरून एक तत्त्व निघते: जावे की जाऊ नये याचा पहिला अधिकार कोंडलेल्यांचा आहे, प्रवाशाचा विवेक त्यानंतर येतो.

परंतु ‘आतला आवाज’ एकच असतो असे मानणे हीदेखील फसगत आहे. २०१७ साली सात लाखांहून अधिक रोहिंग्या देशाबाहेर पळाले, आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याच स्यू ची आपल्या देशावरील वंशसंहाराचा आरोप खोडून काढण्यासाठी हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर उभ्या राहिल्या. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने त्यांनाच पुन्हा कैद केले. एकाच व्यक्तीचा आवाज कधी कोंडलेल्यांचा होता, कधी कोंडणाऱ्यांच्या बाजूचा झाला आणि पुन्हा कोंडला गेला. १९६७ च्या गोव्यातील जनमत कौल आणि म्यानमारचा हा इतिहास एकच धडा देतात: आत अनेक आवाज असतात, आणि त्यांतील सर्वांत दुबळा आवाज प्रवाशापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचतो, किंवा पोहोचतच नाही.

६

या विवेचनातून प्रवासवर्णनाच्या समीक्षेसाठी काही निष्कर्ष काढता येतात.

पहिला असा की, दमनसत्तेच्या प्रदेशात जाणे ही कृती स्वतःहून पापही नाही आणि पुण्यही नाही. जेथे जाण्याने बोलणे वाढते, आणि ज्यांच्याकडे आपण जातो त्यांना आपल्याकडे येण्याची वाट किंचित तरी रुंद होते, तेथे जाणे समर्थनीय आहे. १९३० चे मडगाव हे त्याचे उदाहरण. जेथे दृश्यच दमनाने उभारलेले आहे आणि कोंडलेले लोक येऊ नका म्हणत आहेत, तेथे जाणे समर्थनीय नाही. १९९६ चे मंडाले हे त्याचे उदाहरण. आणि सरसकट दार बंद करणाऱ्याने आधी पाहावे की त्या दाराने अडतो कोण. दोडामार्गच्या सीमेवर अडला तो सोयरा.

दुसरा निष्कर्ष संहितेविषयीचा. अशा प्रदेशाच्या प्रवासवर्णनाकडून आपण एका नव्या गोष्टीची अपेक्षा करायला हवी: न ऐकलेल्याचा हिशेब. प्रवासवर्णनकार काय पाहिले ते सांगतो. कोणाशी बोलता आले नाही, दुभाषा कोठे थांबला, कोणते प्रश्न विचारण्याचे त्याने स्वतःच टाळले, हे तो क्वचितच सांगतो. ज्या संहितेत स्वतःच्या बहिरेपणाची नोंद आहे, तिच्यातील दृश्यांवर विश्वास ठेवता येतो. ही केवळ नैतिक अट नव्हे. ती वाङ्मयीन अटही आहे, कारण निवेदकाच्या आत्मनिष्ठेला ती पूर्णत्व देते. काणेकरांपासून चालत आलेली आत्मनिष्ठा आपल्या प्रसन्नतेविषयी बोलते. आपल्या अज्ञानाविषयी बोलू लागली तरच ती प्रौढ होईल.

तिसरा निष्कर्ष अभ्यासाच्या दिशेविषयीचा. गेल्या काही दशकांत परदेशप्रवास मराठी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला, आणि चीन, इराण, मध्य आशिया, म्यानमार या देशांविषयी मराठीत विपुल लिहिले जाऊ लागले. मीना प्रभू यांची ‘चिनी माती’ आणि ‘गाथा इराणी’ ही पुस्तके, किंवा समूहसहलींवरून परतलेल्यांची असंख्य पुस्तके, यांच्याकडे माहिती आणि शैली या दोनच अंगांनी पाहणे आता अपुरे आहे. एकट्याने, मुक्काम करून, लोकांत मिसळून केलेला प्रवास आणि मार्गदर्शकाच्या निशाणामागून केलेला प्रवास यांतून दोन वेगळे निवेदक, दोन वेगळी वाक्यरचना जन्माला येतात. समूहसहलीच्या वर्णनात ‘आम्हांला दाखवण्यात आले’ ही कर्मणी रचना किती वेळा येते, आणि दाखवणारा कर्ता किती वेळा गाळला जातो, एवढे जरी पदव्युत्तर विद्यार्थ्याने मोजले, तरी संहितेतील सत्तासंबंधांचा बराचसा उलगडा होईल.

परंतु ही मोजणी करताना निवाडा देण्याची घाई समीक्षकाने टाळावी. दमनसत्तेविषयी न बोलणाऱ्या प्रत्येक प्रवाशाचे मौन एकाच जातीचे नसते. कधी ते अज्ञानाचे असते, कधी सोयीचे. आणि कधी ज्याने घरात घेऊन चहा दिला आणि हळू आवाजात चार वाक्ये सांगितली, त्याचे नाव कोणाच्या हाती लागू नये म्हणून पाळलेले असते. हे तिसरे मौन सोयऱ्याचे आहे. येणे-जाणे असलेल्या घरातील सर्वच गोष्टी चव्हाट्यावर सांगायच्या नसतात. संहितेतील मौन यांपैकी कोणते, हे ओळखण्याची वाचनपद्धती विकसित करणे हे मराठी समीक्षेपुढील काम आहे. आणि त्यासाठी लागणारा पहिला पाठ दूरच्या कोणत्याही देशात न जाता, दोडामार्गपासून डिचोलीपर्यंतच्या वाटेवरही वाचता येतो.